एका खेळण्याची सोयरीक

एकत्र कुटुंबांत वस्तूला सहसा मरण येत नाहीं. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचें पायपुसणें होतें. तुपाचा रिकामा डबा खिळेमोळे सांभाळण्याच्या कामावर रुजू होऊन आणखी वीस वर्षें चाकरी करतो. घरांत माणसें पुष्कळ असलीं म्हणजे प्रत्येक टाकाऊ वस्तूला कोणी ना कोणी वकील भेटतोच. विजेच्या उपकरणांपुढें मात्र ही वकिली चालेनाशी झाली आहे. प्रत्येक यंत्राची तार वेगळी, टोंक वेगळें, भाषा वेगळी. एकाचा अवयव दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि म्हणून घरोघरीं एखाद्या खणांत निरुपयोगी तारांचें जंजाळ सांठलेलें असतें. अशा काळांत एखादा परका अवयव दुसऱ्या देहाला जोडला जातो आणि तेथें सुखानें नांदूं लागतो, हें दृश्य मला मोठें मनोरंजक वाटतें. आमच्या घरीं गेल्या वर्षीं अशी एक सोयरीक जमली. तिची हकीकत सांगण्यासारखी आहे.

माझा थोरला पुतण्या नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. जातांना त्यानें आपलें प्लेस्टेशन ४ नांवाचें खेळाचें यंत्र बरोबर नेलें, आणि त्याच्या दोन कंट्रोलरांपैकीं एक आमच्या चिरंजीवांसाठीं मागें ठेवला. ज्यांनीं ही वस्तु कधीं हातांत धरली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : दोन्ही हातांच्या ओंजळींत मावेल असा हा एक काळा ठोकळा. त्याला दोन बाजूंना दोन मुठी. डाव्या अंगठ्याखालीं दिशा दाखविणारें फुलीच्या आकाराचें बटन. उजव्या अंगठ्याखालीं त्रिकोण, वर्तुळ, फुली व चौकोन अशा खुणांचीं चार बटनें. त्यांच्या खालच्या अंगाला हव्या त्या दिशेस कलवतां येतील अशा दोन बुटक्या काठ्या. पुढच्या कडेला तर्जन्यांसाठीं चार खटके. आणि वर मधोमध बोट फिरवावयाची एक सपाट पट्टी, तीहि बटनासारखी दाबतां येणारी. वजन सुमारे २१० ग्रॅम. यंत्र गेलें आणि हा मागें राहिला, तेव्हां "राम वनांत आणि पादुका अयोध्येंत" अशी माझ्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, थट्टा केली. चिरंजीवांचें म्हणणें निराळें होतें. घरांत संगणक आहे, संगणकावर खेळ आहेत. मग हा संगणकालाच कां जोडूं नये?

प्रश्न दिसावयास साधा, पण त्याच्या पोटांत पन्नास वर्षांचा इतिहास आहे. घरच्या दूरचित्रवाणीवर खेळण्याचें पहिलें यंत्र, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचें ओडिसी, अमेरिकेंत १९७२ सालीं विक्रीस आलें. त्या वेळीं खेळाडूच्या हातीं रेडिओचे कान पिळावेत तशा पिळण्याच्या मुठी होत्या. १९७७ सालच्या अटारीनें त्याला एक उभी काठी आणि एकच बटन दिलें. जपानांतील निन्टेन्डो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनीं १९८२ सालीं एका खिशांत मावणाऱ्या खेळासाठीं ती काठीच काढून टाकली आणि तिच्या जागीं फुलीच्या आकाराचें चपटें बटन बसविलें. पुढच्याच वर्षीं फॅमिकॉम या यंत्राबरोबर तें जपानभर पसरलें. १९९० सालच्या सुपर फॅमिकॉमनें उजव्या अंगठ्याखालीं चार बटनें आणि खांद्यावर दोन खटके आणले. १९९६ सालीं निन्टेन्डो ६४ बरोबर थोडी किंवा पुष्कळ कलवतां येणारी, आणि त्या मानानें हळू किंवा जलद चालविणारी, अंगठ्याची काठी आली. १९९७ सालीं सोनी कंपनीच्या ड्युअल शॉकमध्यें अशा दोन काठ्या आणि पोटांत थरथरणाऱ्या दोन मोटारी एकत्र नांदूं लागल्या. तेव्हांपासून आजतागायत या वस्तूचा सांगाडा फारसा बदललेला नाहीं. पळीचा किंवा सांडशीचा आकार बदलावा असें जसें पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाटलें नाहीं, तसेंच हें. मनुष्याच्या पंजाशीं एकदां पटलें, कीं मग आकाराला घाई राहत नाहीं.

आमच्या पिढीला ती फुली प्रथम भेटली १९९० नंतरच्या दशकांत, मे महिन्याच्या सुटींत, कोणा सुखवस्तु शेजाऱ्याच्या दिवाणखान्यांत. फॅमिकॉमच्या नकला तेव्हां मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावरच्या दुकानांतून मिळत. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट' म्हणत असूं, खेळाच्या डबीला 'कॅसेट' म्हणत असूं, आणि ती चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडाशीं फुंकर मारून पुन्हां बसवीत असूं. त्या कंट्रोलरची तार इतकी आंखूड असे, कीं खेळणाऱ्यानें दूरचित्रवाणीच्या पुढ्यांत मांडी घालून बसावें आणि आजीनें "डोळे जातील, मागें सर" असें ओरडत राहावें, हा क्रम घरोघरीं ठरलेला असे.

त्या चार खुणांचीहि एक गंमत आहे. त्या ठरविणारे तेइयु गोतो यांच्या मनांत वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार असा अर्थ होता. जपानांत बरोबर उत्तराला वर्तुळच काढतात. त्रिकोण म्हणजे पाहण्याची दिशा आणि चौकोन म्हणजे कागद. परंतु हीच वस्तु पाश्चात्त्य देशांत गेली, तेव्हां तेथील खेळांत फुली म्हणजे होकार आणि वर्तुळ म्हणजे माघार असा उलटा संकेत रूढ झाला. हा मतभेद २०२० सालीं प्लेस्टेशन ५ आलें तेव्हां मिटला, आणि तो जपाननें पाश्चात्त्यांचा संकेत पत्करून मिटला. खूण तीच, एका घरीं तिचा अर्थ 'हो' आणि दुसऱ्या घरीं 'नको'! आमच्या वहिनींना मीं हें सांगितलें तेव्हां त्या नुसत्या हंसल्या. मान हलविण्याचा माहेरीं एक अर्थ आणि सासरीं दुसरा, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना यांत नवल तें काय वाटणार?

आतां वरपक्षाकडे वळूं. संगणक हा मूळचा कचेरींतला गृहस्थ. त्याला कळफलकाची संवय. खेळण्याचा हात त्याला मागाहून लावून द्यावा लागला. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला लहान संगणक विक्रीस आणला, तेव्हां खेळाच्या काठीसाठीं पंधरा टांचण्यांचें एक दार निराळें विकत घेऊन बसवावें लागे. त्या दाराची रीत मोठी विलक्षण होती. काठी कलविली कीं तिच्या पोटांतील विजेचा अडथळा कमीअधिक होई. संगणक विजेचें एक चिमुकलें भांडें भरूं लागे, आणि तें भरण्यास किती वेळ लागला हें मोजून काठी कोठें आहे तें ठरवी. घागर किती वेळांत भरली यावरून नळ किती सोडला आहे तें ओळखावें, तशांतलाच हा प्रकार. पुढें संगणक जलद झाले तसें हें मोजमाप बिघडूं लागलें. म्हणून खेळापूर्वीं काठी चारी कोपऱ्यांत फिरवून 'हें माझें टोंक, हा माझा मध्य' असें त्याला दाखवून द्यावें लागे. प्लेस्टेशनच्या किंवा निन्टेन्डोच्या कंट्रोलरला तर हें दार मुळींच उपयोगाचें नव्हतें. हौशी लोक मग त्या कंट्रोलरच्या तारांना डाख देऊन त्या प्रिंटरच्या दाराला जोडीत, आणि कागदावर अक्षरें उमटविण्यासाठीं असलेल्या वाटेनें उड्या मारण्याचे हुकूम आंत पाठवीत.

१९९६ सालीं यूएसबी नांवाचें सर्वांना सामाईक असें दार ठरलें. या दारांतून येणारी प्रत्येक वस्तु प्रथम आपला परिचय देते : मी कळफलक, मी माऊस, मी खेळाची काठी, मला इतकीं बटनें आहेत. एवढ्यानें सगळें भागावें असें वाटतें, पण तें भागत नाहीं. आपल्याला किती बटनें आहेत हें सांगणें वेगळें, आणि त्यांतलें तिसरें बटन कोणत्या बोटाखालीं आहे हें समोरच्याला उमजणें वेगळें. पाहुण्यानें आपलें नांव-गांव बिनचूक सांगितलें, तरी चहांत साखर किती हें त्याला विचारावेंच लागतें.

हा घोळ मिटविला तो मायक्रोसॉफ्ट कंपनीनें, आणि तिनेंच एक नवा निर्माण केला. २००५ सालीं तिनें एक्सबॉक्स ३६० हें यंत्र आणलें. त्याचा तारेचा कंट्रोलर यूएसबीच्या दारांतून येणारा होता, आणि विंडोज बनविणारी कंपनीहि तीच. तिनें एक्सइनपुट नांवाची एक ठराविक बोली घालून दिली : अमुक बटन येथें, अमुक काठी तेथें, आणि एका वेळीं खेळाडू फार तर चार. खेळ लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली आणि ते बहुतेक त्याच बोलींत लिहूं लागले. परंतु एका बोलीला राजमान्यता मिळाली म्हणजे इतर बोली बोलणारांची जी गत होते, तीच इतर कंट्रोलरांची झाली. प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर तर तार जोडली तरी मौन धरून बसे; एक ठराविक संदेश पाठवून त्याचा मान राखल्याशिवाय तो तोंड उघडीत नसे. प्लेस्टेशन ४ चा इतका मानी नाहीं. तो बोलतो, फक्त आपल्या बोलींत बोलतो. तेव्हां मध्यें दुभाष्या हवा. डीएस४विंडोज नांवाचा एक प्रोग्राम हें काम करतो, आणि स्टीम या खेळांच्या दुकानानेंहि डिसेंबर २०१६ पासून या कंट्रोलरची दुभाषेगिरी पत्करली आहे. डीएस४विंडोजची रीत अशी, कीं तो सोनीच्या कंट्रोलरचें ऐकून घेतो आणि संगणकाला सांगतो, "आपल्याकडे एक्सबॉक्सचा कंट्रोलर आलेला आहे." पत्रिका जुळवून आणणारे मध्यस्थ थोडेंफार असेंच करीत असावेत, अशी मला शंका आहे.

आमच्या घरीं प्रत्यक्ष जोडणीला तीन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळीं कंट्रोलरचा दिवा लागला, पण संगणकानें ओळख दाखविली नाहीं. दोष तारेचा निघाला. कांहीं तारा नुसती वीज नेतात, निरोप नेत नाहींत, आणि दिसावयास दोन्ही जातींच्या तारा अगदीं सारख्या असतात. दुसरी तार लावतांच परिचय झाला. बिनतारी जोडणीहि करतां येते. त्यासाठीं मधलें गोल बटन आणि 'शेअर' हें बटन एकदम दाबून धरावें लागतें, म्हणजे पुढचा दिवा भराभर लुकलुकूं लागतो. परंतु खरी मौज दुसऱ्या दिवशीं झाली. खेळांतल्या गड्यानें एक पाऊल टाकावयाचें तेथें तो दोन टाकूं लागला. शोध घेतां असें निघालें, कीं खेळ मूळ कंट्रोलरचेंहि ऐकत होता आणि दुभाष्याचेंहि. 'आमटींत मीठ घाल' ही एकच आज्ञा दोन सुनांनीं ऐकली म्हणजे आमटीचें जें होतें, तेंच येथें झालें होतें. उपाय एकच : मूळ वक्त्याला पडद्याआड बसवून दुभाष्यालाच काय तें बोलूं द्यावयाचें. तशी सोय करणारा प्रोग्रामहि मिळतो. तिसऱ्या दिवशीं सर्व सुरळीत झालें आणि चिरंजीव संगणकासमोर स्थानापन्न झाले.

येथपर्यंतची कथा कोणत्याहि घरची. ती लिहिण्याचें मला कारण पडलें तें आमच्या काकूंमुळें.

काकूंचें वय ८२. मुलींच्या शाळेंत तीस वर्षें त्यांनीं मराठी शिकविलें. निवृत्त झाल्यावर त्यांनीं एकच व्यसन जवळ केलें, तें वाचनाचें. आठवड्यास एक पुस्तक हा त्यांचा नेम. गेल्या दहा वर्षांत संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं केलीं. जाड पुस्तक हातांत धरवेना, पान उलटवेना. मग आम्हीं त्यांना संगणकाच्या मोठ्या पडद्यावर वाचण्याची सोय करून दिली. त्यांच्या आवडीचीं बहुतेक पुस्तकें जुनीं, ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या, जुन्या मासिकांचे बांधीव खंड. हीं पुस्तकें संगणकावर मिळतात तीं पानांचे फोटो काढलेल्या रूपांत. त्यामुळें अक्षर मोठें करावें तर सबंध पानच मोठें होतें आणि ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. अर्धी ओळ वाचावयाची, पान डावीकडे सरकवावयाचें, उरलेली ओळ वाचावयाची, पान पुन्हां पूर्वस्थळीं आणावयाचें : प्रत्येक ओळीला हे दोन हेलपाटे. माऊस त्यांच्या मुठींत राहत नसे. बोटानें चालणारी टॅब्लेटची पाटी आणून पाहिली, तर वांकडें बोट भलतीकडेच टेंके आणि पुस्तक चाळीस पानें पुढें पळे.

म्हणून दुपारीं त्यांच्याजवळ कोणी ना कोणी बसत असे. कधीं वहिनी, कधीं मी, कधीं चिरंजीव. तक्रार कोणीच केली नाहीं, आणि अडचण नेमकी तीच होती. चार-पांच पानें झालीं, कीं काकू म्हणत, "पुरे आतां, डोळे दमले." डोळे दमलेले नसत. समोरच्या माणसाचें लक्ष घड्याळाकडे गेलेलें त्यांना दिसलेलें असे. उभ्या जन्मांत जिला वाचावयास कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं, तिला आतां प्रत्येक ओळीला कोणाची तरी सवड पाहावी लागत होती. ही सवड आम्ही आनंदानें देत होतों यानें तिचा जाच कमी होत नव्हता. वर्षभरांत आठवड्यास एक पुस्तक होतें तें दिवसास चार पानांवर आलें, आणि पुढें पुढें तर "आज राहूं दे" हें वाक्य आठवड्यांतून तीनतीनदां ऐकूं येऊं लागलें. मनुष्य वाचन सोडतो तें एका दिवसांत नव्हे. असें एकेक पान करून सोडतो.

एके दुपारीं चिरंजीवांची पाळी होती. त्यांनीं बसल्या बसल्या कंट्रोलर काकूंच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलें, "आजी, तूं ही काठी हलवून बघ. पान सरकेल." दुभाष्या प्रोग्रामला त्यांनीं नवी शिकवण दिली होती : काठी कलली कीं ती खेळाची काठी आहे असें सांगूं नकोस, बाणांच्या कळा दाबल्या असें सांग. काकूंनीं काठीला अंगठा लावला मात्र, पान उधळलें तें थेट तळाशीं जाऊन थांबलें. संधिवाताच्या हाताला कंप असतो, आणि काठी तो कंपहि इमानानें मोजते.

यावर उपाय होता, आणि तो खेळणाऱ्यांनींच पूर्वीं शोधून ठेवलेला होता. काठी कधींच अगदीं मधोमध उभी राहत नाहीं. अंगठा उचलला तरी ती केसभर कललेली असते. म्हणून मध्याभोंवतालचें थोडें अंतर हिशेबांतच धरावयाचें नाहीं असा नियम करतां येतो. त्याला डेडझोन म्हणतात. चपळ खेळाडू हें अंतर शक्य तितकें लहान ठेवतात. काकूंसाठीं चिरंजीवांनीं तें चांगलें ऐसपैस केलें, इतकें कीं कंप त्याच्या आंतच विरून जावा. पान सरकण्याचा वेग कमी केला. पोटांतल्या मोटारींची थरथर बंद केली. काकूंचा डावा अंगठा फार दुखतो, म्हणून सगळें काम उजव्या काठीकडे दिलें. पान उलटण्यासाठीं प्रथम पुढचा खटका नेमला होता, पण तर्जनी तेथपर्यंत वळेना. तेव्हां तें काम मधल्या सपाट पट्टीला दिलें. ती पट्टी मोठी, तिला अचूक बोट लागत नाहीं. मुठीच्या कडेनें दाबली तरी ती कामाला येते. ज्यानें ती पट्टी योजिली त्याच्या स्वप्नांतहि हा उपयोग आला नसेल.

ही उठाठेव चार दुपारीं चालली. पांचव्या दुपारीं काकूंनीं एक सबंध पान कोणाच्याहि मदतीवांचून वाचलें. आनंदाश्रु वगैरे कांहीं झालें नाहीं. त्या म्हणाल्या, "पान उलटल्यावर नवें पान मधूनच दिसतें, तें वरून दिसायला हवें." तीस वर्षें वह्या तपासलेल्या बाई त्या! चिरंजीवांनीं निमूटपणें ती दुरुस्ती केली.

दादांना हा प्रकार पसंत पडला नव्हता. त्यांच्या विरोधांत माया होती आणि विचारहि होता. "पोरांचें खेळणें तिच्या हातीं कशाला?" ते म्हणाले. "तिच्यासाठीं म्हणून केलेलें असें कांहीं नीटसें उपकरण आणा. पैशाचा प्रश्न नाहीं. काकू, तुम्हांला तरी हें शोभतें का?" काकूंनीं चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, "मला काय शोभतें तें राहूं दे, बाबा. पुढचें पान कोण उलटणार तेवढें सांग." दादा कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें उठले, आणि कंट्रोलर मांडीवरून घसरूं नये म्हणून आंतल्या खोलींतून एक लहानशी उशी त्यांनींच आणून दिली. तेव्हांपासून २१० ग्रॅमांचा तो भार उशी वाहते, काकूंना वाहावा लागत नाहीं.

दादांच्या मनांतल्यासारखें उपकरण जगांत नाहीं असें नव्हे. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर म्हणून एक चपटी पेटी आणली. तिच्यावर दोन मोठीं गोल बटनें आणि मागच्या कडेला १९ भोंकें आहेत; ज्याला जें अंग हलवतां येतें त्या अंगाचें बटन त्यांत जोडावें. कोणाला पायानें दाबण्याचें, कोणाला कोपरानें ढकलण्याचें. ती संगणकालाहि चालते. तिच्या जडणघडणींत अमेरिकेंतील एबलगेमर्स आणि इंग्लंडमधील स्पेशलइफेक्ट या अपंग खेळाडूंसाठीं झटणाऱ्या संस्थांचा सल्ला घेतलेला होता. सोनीनें डिसेंबर २०२३ मध्यें प्लेस्टेशन ५ साठीं अॅक्सेस या नांवाचा तसाच एक कंट्रोलर आणला. पुढेंमागें काकूंचा हात आणखी आखडला, तर अशा पेटीचा विचार करावाच लागेल, आणि तो आम्हीं करून ठेवलाहि आहे. परंतु खेळणें हें खेळण्यापुरतेंच, हा समज मात्र आतां टिकण्यासारखा नाहीं. २०१८ सालीं अमेरिकेच्या नौदलांत दाखल झालेल्या कोलोरॅडो या पाणबुडींत, समुद्रावर नजर ठेवणारा कॅमेऱ्याचा खांब फिरविण्यास एक्सबॉक्सचा कंट्रोलरच दिलेला आहे. पूर्वींच्या खास बनविलेल्या काठीला सुमारे ३८,००० डॉलर पडत. हा त्या वेळीं ३० डॉलरांच्या आंत मिळे, आणि नव्या खलाशांना तो शिकवावा लागत नाहीं, कारण त्यांचे अंगठे घरूनच शिकून आलेले असतात. पाणबुडीला जें शोभतें तें आमच्या काकूंना शोभावयास हरकत नसावी!

या सर्व प्रकारांत मला विचार करण्यासारखें वाटलें तें हें. दोन परक्यांना एकत्र नांदवावयाचें म्हणजे त्यांतल्या कोणी तरी वाकावें लागतें, असें आपण धरून चालतों. आणि घरांत काय, जगांत काय, वाकण्याची पाळी बहुधा ज्याची शक्ति कमी त्याच्यावर येते. वृद्धांच्या बाबतींत तर हें फारच घडतें. यंत्र जसें आहे तसें असतें. म्हाताऱ्या बोटांनीं त्याच्या मापाचें व्हावें, नाहीं तर "आज राहूं दे" म्हणावें. आमच्या सोयरिकींत कंट्रोलर बदलला नाहीं, संगणक बदलला नाहीं, आणि काकूंना तर बदलणें शक्यच नव्हतें. बदलला तो मधला दुभाष्या. तो वाटेल तितका वाकूं शकतो, कारण त्याला स्वतःचा आकारच नाहीं. त्याला वाकविण्यास लागली ती कोणाची तरी चार दुपारींची चिकाटी, आणि समोरच्याचा हात नेमका कोठें दुखतो हें विचारण्याची बुद्धि.

यानें परावलंबन संपलें असें मी म्हणणार नाहीं. संगणकावर एखादी नवी सुधारणा आपण होऊन उतरते, दुभाष्या गोंधळतो, आणि मग काकू चिरंजीवांना हांक मारतात. पण जें परावलंबन ओळीगणिक होतें तें आतां महिन्यागणिक झालें आहे, आणि हा फरक लहान नाहीं. शिवाय व्यवहार आतां एकतर्फी राहिलेला नाहीं. कंट्रोलर एक आणि धनी दोन, म्हणून घरांत वेळापत्रक लागलें आहे : दुपारीं तीन ते पांच काकू, रात्रीं जेवणापूर्वीं एक तास चिरंजीव. काकूंचें प्रकरण रंगांत आलें कीं पांचाचे सवापांच होतात, चिरंजीव दाराशीं येऊन घुटमळतात, आणि आजीला सवड केव्हां होते याची वाट पाहतात.

आतांहि काकू कधीं कधीं म्हणतात, "पुरे आतां, डोळे दमले." फरक इतकाच, कीं आतां त्यांचे डोळे खरोखरच दमलेले असतात.